आपले खाते कुणाकडे?

९ ऑगस्ट २०२२. मोहरमची सुट्टी होती. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरउतारावर जी वस्ती आहे तिथे त्या दिवशी सकाळी आम्ही बैठक ठेवली होती, कारण सुट्टीच्या दिवशी अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस थोड्या मोकळ्या असतात. विषय होता रेशनकार्डातून बायकांची नावे कमी होण्याचा. पण बैठक काही सुरू होईना. एका सेविकेच्या मोबाईलवर राजभवनातला शपथविधी चालू होता आणि पाच-सहा जणी तिच्या खांद्यावरून त्यात डोकावत होत्या. त्याआधी चाळीस दिवस राज्याचा कारभार दोनच माणसे पाहत होती, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. त्या चाळीस दिवसांत वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी रोज नवी यादी दिली होती. कुणाची वर्णी लागणार, कुणाचा पत्ता कापला जाणार, कोण रुसून गावी जाऊन बसले आहे. आता खरी नावे येत होती. पाच झाली, बारा झाली, अठरा झाली आणि समारंभ आटोपला.

"संपलं?" ती सेविका म्हणाली. "एकपण बाई नाही?"

मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "मग ताई, आपलं खातं कुणाकडं जाणार?"

'आपलं खातं' म्हणजे महिला व बालविकास. तिला त्या वेळी महिन्याला ८,३२५ रुपये मानधन मिळत होते. ते दहा हजार करण्याची घोषणा पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली, आणि त्यानंतरही डिसेंबर २०२३ पासून राज्यभरच्या सेविकांना पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. त्यामुळे तिचा प्रश्न चहाच्या टपरीवरच्या राजकारणाच्या गप्पांतला नव्हता. खाते कुणाकडे जाते यावर तिचे महिन्याचे गणित अवलंबून होते. पाच दिवसांनी खातेवाटप झाले आणि तिला उत्तर मिळाले. मलबार हिलचे आमदार मंगलप्रभात लोढा यांच्याकडे पर्यटन, कौशल्य विकास आणि महिला व बालविकास अशी खाती आली.

ही जुनी गोष्ट आज पुन्हा काढण्याचे कारण असे की मंत्रिपदाच्या अंदाजांचा हंगाम आपल्या राज्यात कधी संपतच नाही. १५ डिसेंबर २०२४ ला नागपूरला मंत्र्यांचे शपथविधी झाले तेव्हाच सत्तेतल्या दोन पक्षांच्या नेत्यांनी सांगून टाकले होते की आमच्या मंत्र्यांना अडीच वर्षेच मिळतील, मग इतरांची पाळी. म्हणजे पुढच्या अंदाजांचा मुहूर्तही काढून ठेवलेला आहे. आणि त्या वेळी आपल्या गटांतल्या बायकाही, मीसुद्धा, फोनवर हेच विचारत बसणार : या खेपेला कोणती बाई?

या प्रश्नात काहीतरी चुकते आहे असे मला गेली काही वर्षे वाटते. ते नीट शब्दांत मांडता येते का ते पाहते.

आधी या अंदाजांची भाषा पाहू. इच्छुक आमदार 'गुडघ्याला बाशिंग बांधून' बसलेले असतात. विस्ताराचा 'मुहूर्त' टळतो. रुसव्याफुगव्यांच्या बातम्या येतात, मानपानावरून नाराजी होते. सगळी भाषा लग्नघरातली, पण या लग्नात नवरे तेवढे आहेत. रायगडचे भरत गोगावले यांनी शपथविधीसाठी कोट शिवून ठेवल्याची गोष्ट २०२२ पासून दोन वर्षे महाराष्ट्रभर चघळली गेली. ते स्वतःही त्यावर हसत होते आणि लोकही त्यांच्यावर प्रेमानेच हसत होते. (२०२४ मध्ये ते मंत्री झाले.) एखाद्या आमदार बाईने शपथविधीसाठी पैठणी घेऊन ठेवली आहे असे सांगितले असते, तर तिला काय काय ऐकावे लागले असते याची कल्पना करा. महत्त्वाकांक्षा पुरुषाला शोभते, त्यावर विनोदही करता येतो. बाईने इच्छा बोलून दाखवली की ती 'उतावीळ'. न बोलता बसली की 'सक्रिय नाही'. पंकजा मुंडे यांच्या 'जनतेच्या मनातला मुख्यमंत्री' या शब्दांवरून त्यांना वर्षानुवर्षे टोचले गेले. तशीच इच्छा डोळ्यांत घेऊन फिरणारे किती पुरुष नेते आपल्याला माहीत आहेत! त्यांना कुणी टोचत नाही, त्यांची मुलाखत घेतात.

आता गणित. घटनेच्या ९१ व्या दुरुस्तीने २००३ पासून मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणून ठेवली. आपल्या २८८ आमदारांच्या सभागृहाला त्रेचाळीस मंत्री चालतात. या त्रेचाळीस खुर्च्या पक्षांत वाटायच्या, प्रत्येक पक्षाने आपला वाटा विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र, कोकण, मुंबई असा पसरायचा, त्यात पुन्हा जातींचा तोल सांभाळायचा, मग कोण कुणाचा माणूस ते पाहायचे. हे सगळे जुळले की कुणाला तरी आठवते, अरे, एक बाई हवी. बाई ही शेवटची चौकट असते. म्हणून यादीत पुरुषांची नावे 'मराठवाड्यातून', 'ओबीसी चेहरा', 'ज्येष्ठ' अशा कारणांनी येतात आणि बाईचे नाव 'महिला म्हणून' येते. ती कोणत्या विभागाची, कोणत्या समाजाची, किती वेळा निवडून आली, सभागृहात काय बोलली, हे सगळे त्या दोन शब्दांत बुडते.

आकडे सांगते. २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांच्याबरोबर सहा मंत्र्यांचा शपथविधी झाला, त्यात बाई नव्हती. महिन्याभराने विस्तार झाल्यावर त्रेचाळीसमध्ये तिघी आल्या : वर्षा गायकवाड, यशोमती ठाकूर आणि राज्यमंत्री म्हणून अदिती तटकरे. ऑगस्ट २०२२ मध्ये वीस जणांत एकही नाही. टीका झाली तेव्हा सांगण्यात आले की पुढच्या विस्तारात बायकांना स्थान मिळेल. पुढचा विस्तार व्हायला जवळजवळ वर्ष लागले आणि तोही बायकांसाठी झालाच नाही. जुलै २०२३ मध्ये अजित पवार यांचा गट सरकारात आला, त्यांच्यासोबत अदिती तटकरे आल्या, म्हणून एकोणतीस जणांत एक बाई झाली. डिसेंबर २०२४ मध्ये बेचाळीस जणांत चौघी : पंकजा मुंडे आणि अदिती तटकरे कॅबिनेट मंत्री, माधुरी मिसाळ आणि मेघना बोर्डीकर राज्यमंत्री. शिवसेनेच्या अकरा नव्या मंत्र्यांत एकही बाई नव्हती. त्याच्या सहा महिने आधी 'लाडकी बहीण' जाहीर झाली होती आणि दोन कोटींहून अधिक बायकांच्या बँक खात्यांत दरमहा दीड हजार रुपये जाऊ लागले होते. बहिणींनी मते दिली असे सगळेच नेते सांगत होते. बहिणींना खाते मिळाले ते बँकेतले.

आपल्या उपनगरांकडे पाहू. २०१९ च्या विधानसभेत पश्चिम रेल्वेच्या एकाच पट्ट्यातून भाजपच्या तीन बायका निवडून आल्या होत्या : दहिसरहून मनीषा चौधरी, गोरेगावहून विद्या ठाकूर, वर्सोव्याहून भारती लव्हेकर. तिघीही दुसऱ्यांदा आल्या होत्या, म्हणजे नवख्या नव्हत्या. विद्या ठाकूर तर मुंबईच्या उपमहापौर होत्या आणि २०१४ च्या सरकारात राज्यमंत्रीही होत्या. त्या सरकारच्या पहिल्या दहा जणांत उपनगरांतून तिघे होते : बोरिवलीचे विनोद तावडे आणि घाटकोपरचे प्रकाश मेहता कॅबिनेटमध्ये, गोरेगावच्या विद्याताई राज्यमंत्री. ऑगस्ट २०२२ मध्ये या तिन्ही बायकांपैकी कुणाचेच नाव पुकारले गेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मनीषा चौधरी आणि विद्या ठाकूर तिसऱ्यांदा निवडून आलेल्या होत्या, तेव्हाही मुंबईतून मंत्री झाले ते लोढा आणि आशिष शेलार. उपनगर जिल्ह्याचे पालकमंत्रीपद २०१४ पासून तावडे, आदित्य ठाकरे, लोढा आणि जानेवारी २०२५ मध्ये शेलार असे फिरले. २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांहून अधिक वस्ती असलेला हा जिल्हा. जिल्हा नियोजनाचा पैसा कुठल्या वस्तीतल्या पायवाटेला, कुठल्या संडासाला, कुठल्या समाजमंदिराला जायचा हे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत ठरते.

पालकमंत्रीपदावरून आठवले. १८ जानेवारी २०२५ ला अदिती तटकरे यांना रायगडचे पालकमंत्रीपद जाहीर झाले आणि गोगावले यांचे समर्थक रस्त्यावर उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली. वाद दोन पक्षांचा होता हे मान्य, नाशिकलाही तसेच झाले. तरीही एका दिवसात परत घेतलेले ते पद मला विसरता येत नाही.

बाईच्या नावाबरोबर आणखी एक शेपूट लावलेले असते, ती कुणाची कोण. पंकजाताई गोपीनाथ मुंडे यांच्या, अदितीताई सुनील तटकरे यांच्या, मेघनाताई रामप्रसाद बोर्डीकर यांच्या, वर्षाताई एकनाथ गायकवाड यांच्या कन्या. अंधेरी पूर्वला रमेश लटके गेल्यावर २०२२ च्या पोटनिवडणुकीत ऋतुजा लटके उभ्या राहिल्या, तेव्हा महापालिकेतल्या नोकरीचा राजीनामा मंजूर करून घेण्यासाठीच त्यांना उच्च न्यायालयात जावे लागले. घराणेशाहीला माझा विरोध आहे आणि तो मी सोडणार नाही. पण मुलगा बापाच्या जागी आला की 'वारसा', मुलगी आली की 'आयते', हा फरक आपणही करतो. चळवळीतल्या बैठकांतही मी तो ऐकला आहे. आणि घराणे नसलेल्या, वस्तीतून, नगरसेवकपदातून वर आलेल्या बाईला या दारातून आत यायला किती जागा उरते? महापालिकेत २०१२ च्या निवडणुकीपासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या. २२७ पैकी ११४. तिथे तयार झालेल्या शेकडो बायकांपैकी विधानसभेचे तिकीट किती जणींना मिळाले? २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी २१ बायका निवडून आल्या, आधीच्या सभागृहात २४ निवडून आल्या होत्या. आपल्या चळवळीतून राजकारणात गेलेल्या नीलम गोऱ्हे २००२ मध्ये विधान परिषदेवर गेल्या, २०१९ मध्ये उपसभापती झाल्या, त्यांच्या पक्षबदलावर आपल्यात मतभेद झाले, ते असोत. पण अंदाजांच्या किती याद्यांतून त्यांचे नाव आले आणि गेले!

आता खात्याकडे येते, कारण माझे खरे म्हणणे तिथे आहे.

स्त्रियांच्या प्रश्नांना सरकारात स्वतःची जागा हवी ही मागणी आपली होती. १९९३ मध्ये महिला व बालविकास हा वेगळा विभाग झाला, त्याच वर्षी राज्य महिला आयोग आला, २२ जून १९९४ ला महिला धोरण जाहीर झाले, देशातले पहिले. त्यामागे मथुरा खटल्यापासूनची चौदा-पंधरा वर्षांची चळवळ होती. तेव्हा 'आपलं खातं' हा त्या सेविकेचा शब्द खोटा नाही. पण पुढे काय झाले, की सरकारच्या वाड्यात ते माजघर होऊन बसले. ओसरीवर गृह, अर्थ, महसूल, नगरविकास, गृहनिर्माण यांची बैठक, आणि बाई आली की तिला माजघरात पाठवायचे. तिथेही कधीकधी जागा नसते, २०२२ मध्ये नव्हतीच. शालिनीताई पाटील १९८० नंतर महसूलमंत्री होत्या हे आजच्या मुलींना सांगावे लागते. गृहखाते एखाद्या स्त्रीकडे कॅबिनेट मंत्री म्हणून दिल्याचे माझ्या उभ्या आयुष्यात मला आठवत नाही. २०१४ मध्ये पंकजाताईंकडे ग्रामविकासाबरोबर जलसंधारणही होते. गाजत असलेले ते जलसंधारण २०१६ च्या फेरबदलात काढून घेतले गेले. महिला व बालविकास मात्र त्यांच्याचकडे राहिले.

आमच्या केंद्रात येणारी बाई कोणत्या खात्यापाशी अडते ते पाहा. नवऱ्याने मारले म्हणून ती पोलीस ठाण्यात जाते, ते गृहखाते. तिथे तिचे ऐकून घेणारी कुणी असावी म्हणून टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यावर आज आमच्यासारख्या अनेक जणी जगतात आणि शिकल्या आहेत. पण ठाण्यात तक्रार घ्यायची की 'घरातलं घरात मिटवा' म्हणायचे, हे शेवटी गृहखात्याच्या मनावर असते. तिला घराबाहेर काढले तर प्रश्न जातो गृहनिर्माणाकडे. झोपडपट्टी पुनर्वसनात घर नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचे असा नियम आहे. प्रत्यक्षात परिशिष्ट-दोनमध्ये पात्र म्हणून नाव लागते ते नवऱ्याचे, आणि इमारत उभी राहीपर्यंतच्या दहा-पंधरा वर्षांत त्याने दुसरा संसार थाटला तर पहिलीने कागद कुठून आणायचा? पाणी, संडास, रस्त्यावरचा दिवा हे महापालिकेचे, म्हणजे मंत्रालयात नगरविकासाचे. ती ज्या घरांत भांडी घासते तिथली तिची मजुरी कामगार खात्याची. तिच्या खात्यात दीड हजार रुपये यायचे की एकवीसशे, आणि ते कुठून काढायचे, हे अर्थखात्याचे. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी 'लाडकी बहीण'कडे वळवल्याची तक्रार त्या विभागाचे मंत्री संजय शिरसाट यांनी उघडपणे केली होती. म्हणजे दलित मुलींच्या वसतिगृहाच्या खिशातून त्यांच्याच आयांना ओवाळणी. ही वाटणी महिला व बालविकासमंत्री करत नाहीत. ज्या टेबलावर ती होते तिथे बाई बसलेली नसते.

"पण बाई बसून तरी काय होते?" हा प्रश्न आपल्यातल्याच मैत्रिणी विचारतात, तो मी टाळणार नाही. पुरुष मंत्री असताना आपल्या खात्यात काय झाले ते आपण पाहिले. १३ डिसेंबर २०२२ ला आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी 'समन्वय समिती' नेमणारा शासन निर्णय निघाला, दोनच दिवसांत त्यातून आंतरजातीय हा शब्द वगळावा लागला, आंतरधर्मीय राहिला. सज्ञान बाईने कुणाशी लग्न केले याची माहिती सरकारने गोळा करायची! आमच्याकडे येणाऱ्या मार खाल्लेल्या बायकांचे नवरे बहुतेक त्यांच्याच जातीचे, त्यांच्याच धर्माचे, आईबापांनी पाहून दिलेले असतात. त्यांच्याशी 'समन्वय' साधायला कुठली समिती निघाली नाही. बाई मंत्री असती तर हा निर्णय निघालाच नसता असे म्हणण्याचा भोळेपणा मी करणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये, बाई मंत्री असतानाच, 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी सक्तीची झाली. ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांसाठी कागदपत्रांचा मार्ग निघाला, मुदत वाढली. पण नवऱ्याने नुसतीच टाकून दिलेल्या बाईकडे ना मृत्यूचा दाखला ना घटस्फोटाचा. परित्यक्तांचा प्रश्न या राज्यात चळवळीने १९८० च्या दशकापासून मांडला आहे, तो त्या यंत्रातून गळूनच गेला होता. त्याच खात्याने २०२४ मध्ये मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय राबवायला घेतला होता आणि चौथे महिला धोरणही आणले होते, हेही सांगायला हवे. बाई असल्याने काही होते, काही होत नाही.

दुसऱ्या बाजूला काही जणी मृणालताईंचे नाव घेतात. गोरेगावच्या मृणाल गोरे कधीच मंत्री झाल्या नाहीत, तरी 'पाणीवाली बाई' म्हणून त्या कुठल्याही मंत्र्यापेक्षा मोठ्या राहिल्या. महापालिका, विधानसभा, लोकसभा, १९८८-८९ मध्ये विधानसभेतले विरोधी पक्षनेतेपद. गर्भलिंगचाचणीविरुद्ध १९८६ मध्ये त्यांनी खासगी विधेयक मांडले, बाहेर आपल्या संघटनांची मोहीम चालू होती, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला तसा कायदा केला. तेव्हा मंत्रिपद हवेच कशाला, असे या मैत्रिणी म्हणतात. मृणालताई २०१२ मध्ये गेल्या तेव्हा मी विद्यार्थिनी होते, आणि आमच्या एका बाईंनी वर्गात हेच सांगितले होते. त्या वेळी ते फार आवडले होते. आज पटत नाही. विधेयक विरोधी बाकावरच्या बाईने आणले हे खरे, पण कायदा सरकारने केला आणि राबवायची वेळ आली ती आरोग्य खात्यावर. सोनोग्राफी केंद्रांची तपासणी करायला कुणी जात नव्हते त्या वर्षांत त्या खात्याच्या खुर्चीवर मृणालताई असत्या तर? ज्यांना खुर्ची मिळत नाही त्यांच्या त्यागाचे आपण कौतुक करतो, त्याने खुर्ची अडवून बसलेल्यांची सोयच होते.

आणि केवळ कर्तबगारीने खुर्ची मिळते किंवा टिकते असेही नाही. केरळमध्ये १९८७ च्या निवडणुकीत गौरी अम्मा मुख्यमंत्री होणार अशा घोषणा झाल्या, निकालानंतर मुख्यमंत्री झाले नायनार. २०२१ मध्ये त्याच राज्यात, करोनाच्या काळात आरोग्यमंत्री म्हणून जगभर नाव झालेल्या के. के. शैलजा साठ हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या आणि नव्या मंत्रिमंडळातून वगळल्या गेल्या. डावा पक्ष, साक्षर राज्य, तरीही. 'सगळेच नवे घ्यायचे' हे धोरण होते असे सांगितले गेले, मुख्यमंत्री मात्र तेच राहिले. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या आहेत, पण त्या जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्यानंतर मिळायच्या, आणि मंत्रिमंडळाबद्दल त्या दुरुस्तीत अक्षरही नाही. उद्या शहाण्णव बायका सभागृहात आल्या तरी 'महिला म्हणून एक' ही चौकट तशीच राहू शकते.

म्हणून मला वाटते, अंदाजांच्या हंगामात आपण वेगळे प्रश्न घेऊन उतरले पाहिजे. आजवर आपण काय केले? यादी जाहीर झाली की निषेधाचे पत्रक काढले, एखादी बाई मंत्री झाली की पुष्पगुच्छ घेऊन गेलो आणि निवेदन दिले. दोन्ही गोष्टी निर्णय झाल्यानंतरच्या. साखर कारखान्यांचे, बिल्डरांचे, शिक्षणसंस्थांचे लोक आधी जातात. कुठले खाते कुणाकडे गेले तर आपले काय, हे त्यांना पाठ असते. आपल्याला एकच खाते पाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या बैठकीत आम्ही हा खेळ खेळून पाहिला. प्रत्येकीने आपली सगळ्यात मोठी अडचण सांगायची आणि ती कोणत्या खात्याकडे जाते ते शोधायचे. फळ्यावर खात्यांची नावे लिहिली होती. पहिल्या अर्ध्या तासात सगळ्या जणी 'महिला व बालविकास' म्हणत होत्या. मग एक मच्छी विकणारी मावशी म्हणाली, "माझी टोपली महापालिकेची गाडी उचलते, तिचं महिला-बालविकास काय करणार?" तिथून फळा भरायला लागला. शेवटी महिला व बालविकासाखाली अंगणवाडी, लाडकी बहीण आणि संरक्षण अधिकारी एवढेच उरले, गृहखाली जागा पुरली नाही. असल्फ्याची ती सेविका फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे सगळंच आपलं खातं."

हाच फळा घेऊन आमदारांकडे जावे अशी माझी सूचना आहे, आणि बायकांकडे आधी. पक्ष कुठलाही असो. दहिसर, गोरेगाव, धारावी, अणुशक्तीनगर इथून २०२४ मध्ये बायका निवडून आल्या, दोघी सत्तेच्या एका पक्षाच्या, एक दुसऱ्या, एक विरोधी बाकांवरची. त्यांना विचारायचे : तुमचे नाव चर्चेत आले तर तुम्ही कोणते खाते मागाल? मागितले आहे का? गृहनिर्माण राज्यमंत्री म्हणून तरी? परिशिष्ट-दोनमध्ये दोघांची नावे लावण्याबद्दल सभागृहात प्रश्न विचाराल का? त्या अडखळतील, काही जणी 'पक्ष सांगेल ते' म्हणतील. म्हणू द्या. विचारले गेल्याचे पक्षापर्यंत पोहोचते. त्यांच्यातल्या एखादीला कदाचित आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'तुम्हाला काय हवे' असे विचारले असेल. उरलेल्या मतदारसंघांत, म्हणजे मुलुंड, भांडुप, घाटकोपर, बोरिवली, अंधेरीत, पुरुष आमदारांनाही हेच विचारायचे, फक्त शब्द बदलून : तुमच्या पक्षाच्या यादीत किती बायका असाव्यात आणि कोणत्या खात्यांवर?

मला यातली अडचण दिसते. काही मैत्रिणी म्हणतील, ज्या पक्षांच्या धर्माच्या नि जातीच्या राजकारणाशी आपला उभा दावा, त्यांच्या आमदारबाईंकडे जायचे कशाला? माझ्याही मनात हे येते, आणि विवाह समितीच्या वेळी ज्या बायका गप्प बसल्या त्यांचा राग अजून आहे. पण तो राग त्यांच्यासमोर बसून सांगता येतो. ज्या सेविकेने मला प्रश्न विचारला तिला कुठल्या पक्षाचे सरकार आहे ते निवडता येत नाही, मानधन त्याच सरकारकडून घ्यावे लागते.

पत्राचा कच्चा मसुदा तयार आहे. असल्फा आणि रमाबाई आंबेडकर नगरच्या गटांनी आपली पाने भरून दिली आहेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या मैत्रिणींनी आपापल्या वस्तीतला फळा उतरवून पुढच्या बैठकीला आणावा. अर्थ आणि कामगार या दोन खात्यांची पाने अजून कोरी आहेत, घरकामगार बायकांचे काम करणाऱ्या मैत्रिणींनी ती आधी हातात घ्यावीत.